न गळणारे नळ

ता. ९ फेब्रुवारी

चि. बारक्या,

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. तुझं पत्र येऊन या महिन्यात सहा वर्षं होतील, तेव्हा हा उशीर थोडाथोडका नाही हे मला कळतं. उत्तर लिहायला मी पुष्कळदा बसलो. कधी पेन उठायचं नाही, कधी चष्मा सापडायचा नाही, आणि दोन्ही हाताशी असले की तुझी आई विचारायची, "काय लिहिताय?" मग मी किराण्याची यादी लिहायचो. सहा वर्षांत आमच्याकडे साखर एकदाही संपली नाही, ती यामुळे.

चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणू नये असं तुझ्या आईचं मत आहे. पण कागदावर तुझं पूर्ण नाव लिहिलं की कचेरीत अर्ज करतोय असं वाटतं. म्हणून बारक्याच राहू दे.

दर रविवारी तुमचा फोन चालतो तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. ते रागाने नाही. मला फोनवर सुचत नाही. तू "हॅलो" म्हणतोस, मी "थांब, आईला देतो" म्हणतो, आणि बावीस वर्षांत आपलं बोलणं तेवढंच झालं. मी सातवीपर्यंत शिकलेला, लिहिण्यातही धड नाही. पण कागद मध्ये बोलत नाही, तेवढी सोय आहे.

तुझ्या पत्रात एकच प्रश्न होता. शाळेच्या पाण्याच्या कामात तू बसवलेले जोड मी सुट्टीत जाऊन पुन्हा उघडले, ते खरोखर गळत होते का? खरं काय ते कळवा, एवढंच लिहिलं होतंस. त्याचं उत्तर देणार आहे. पण आधी इथलं सांगतो.

आमच्या वसाहतीत गेल्या वर्षी पोरांचा एक सेवा क्लब निघालाय. चौदा ते अठरा वयाची बारा मुलंमुली आहेत. त्यांच्या मागे तिसऱ्या इमारतीतल्या नर्सबाई असतात. दवाखान्यातून निवृत्त झाल्या, पण अजून चालतात अशा की कोणाची तरी सलाईन संपत आलीय. महिन्यापूर्वी त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "वसाहतीत एकटी राहणारी म्हातारी माणसं किती आहेत बघा. सगळ्यांचे नळ गळतात. मुलं दुरुस्त करणार आहेत. तुम्ही शिकवा."

मी म्हणालो, "मुलं कशाला? मीच करतो. आठवड्यात संपवतो."

"नळ संपवायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "मुलं घडवायची आहेत."

या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. पण चाळीस वर्षं नळजोडणी केलेल्या माणसाला कोणी "शिकवा" म्हटलं की तो विचारत नाही कशासाठी. गेलो.

तिथं नियम असा की काम मुलांचं. मोठ्या माणसाने स्टुलावर बसायचं, विचारलं तर सांगायचं, हत्याराला हात लावायचा नाही. क्लबची प्रमुख सोळा वर्षांची मुलगी आहे, सगळे तिला कप्तान म्हणतात. बाप शिंपी, आणि पोरगीही माप घेतल्याशिवाय बोलत नाही. फळ्यावर तिने माझ्या नावाचा एक रकाना केला होता. मी "दे इकडे" म्हणालो की त्यात एक रेघ.

पहिल्या दहा मिनिटांत ती म्हणाली, "आजोबा, रेघ."

"मी कुठं काय बोललो? मनात म्हणालो."

"मनातलं फार मोठ्याने म्हणता तुम्ही."

पहिल्या दिवशी सतरा रेघा झाल्या. नर्सबाई म्हणाल्या, मागच्या वर्षी शिकवायला आलेल्या सुतारांच्या तेवीस होत्या, घाबरू नका. घरी येऊन सांगितलं तर तुझी आई म्हणाली, "सतराच? मला वाटलं फळा पुरणार नाही."

तुझा पत्ता तिच्याकडूनच घेतला. तुमच्या जिन्याला कठडा आहे का? मागे एकदा ती म्हणत होती की नाही. लहान मूल आहे घरात, तेवढं बघ.

तुझ्या प्रश्नाचं पुढच्या पत्रात लिहितो.

तुझे बाबा


ता. २ मार्च

चि. बारक्या,

मागचं पत्र पोचलं की नाही ते कळलं नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, "मी का विचारू? तुम्ही लिहिलंत, तुम्ही विचारा." म्हणून हेही पाठवतो. एक हरवलं तरी दुसरं असेल.

मुलांचं काम घरोघर सुरू झालंय. वसाहतीच्या समितीने परवानगी दिली. एकवीस घरं ठरली आहेत. दोघं-दोघं जातात, आणि मी बरोबर. स्टूलही बरोबर. कप्तान ते स्वतः उचलून आणते आणि मी बसल्याशिवाय पेटी उघडत नाही.

पहिलं घर निवृत्त पोस्टमनचं होतं. त्यांच्या मोरीतली तोटी तीन वर्षं ठिबकत होती, खाली बादली ठेवून ठेवून फरशीवर गोल पडलाय. काम लांब्याकडे होतं. लांब्या म्हणजे सतरा वर्षांचा, नावाप्रमाणे लांब, दारातून वाकून आत येतो आणि आत आल्यावर सरळ व्हायचं विसरतो. त्याचा हात चांगला आहे पण त्याला ते माहीत नाही. पाना लावायच्या आधी तो प्रत्येक वेळी माझ्याकडे बघतो. मी बघू नको म्हणतो तरी बघतो.

त्याने तोटी आट्यांवर तिरकी चढवली. मला स्टुलावरून दिसत होतं. सांगायला तोंड उघडलं, तर कप्तानने बोट वर केलं. त्याने मला विचारलं नव्हतं ना. मग आम्ही सगळे बसून राहिलो. पोस्टमन उभे, त्यांची बायको उभी, मी बसलेला, आणि लांब्या तिरक्या तोटीशी झटतोय. बारक्या, तीन मिनिटं गेली असतील, मला घाम फुटला. शेवटी त्यानेच ती काढली, आटे बोटाने चाचपले, पुन्हा सरळ चढवली. बसली. पोस्टमनच्या बायकोने नळ बंद केला आणि आम्ही सगळे तोटीच्या टोकाकडे बघत राहिलो. थेंब आला नाही.

खाली उतरताना मी कप्तानला म्हणालो, "मी सांगितलं असतं तर दोन मिनिटं वाचली असती."

"वाचवून काय करायची होती आजोबा? कुठं जायचंय तुम्हाला?"



घरी आलो तरी डोक्यातून ती तिरकी तोटी जाईना. आटे एकदा तिरके चावले की मग सरळ बसले तरी भरवसा नसतो, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं शाळाकॉलेजात गेल्यावर मी एक फेरी मारून आलो. नजर टाकली, जरा हात फिरवला, एवढंच. पुढंही एखाद-दुसऱ्या घरी गेलो. पिशवी घेऊन निघालो की आई विचारते कुठं, मी म्हणतो औषध आणायला. त्या पिशवीतून पान्याचा आवाज येतो हे मला माहीत आहे. तिलाही ऐकू येतो.

शाळेचं विचारलं होतंस. शाळेची गोष्ट निराळी होती. तिथं तीनशे मुलं पाणी पीत होती. काम माझ्या नावावर होतं. बाविसाव्या वर्षी एकट्याने केलेलं पहिलं मोठं काम, ते कोणत्याही बापाने एकदा बघितलंच असतं. बघणं आणि अविश्वास यात फरक आहे. यावर सविस्तर लिहायचं आहे, पण आज डोळे दुखतात.

तुमच्या घरचा नळ बिघडला की तू माणूस बोलावतोस, असं आईकडून कळलं. पान्याला हातही लावत नाहीस म्हणे. चांगला माणूस बघून बोलाव. हल्ली जोड नीट बसवायच्या ऐवजी वरून टेप फार गुंडाळतात.

तुझे बाबा


ता. २३ मार्च

चि. बारक्या,

इथं जरा गडबड झाली आहे. काळजी करू नकोस, तब्येती ठीक आहेत.

पोस्टमनच्या पत्नी भाजीच्या दुकानात कप्तानला भेटल्या आणि तिचं कौतुक करायला लागल्या. म्हणाल्या, "किती छान पद्धत आहे तुमच्या क्लबची. तुम्ही करून जाता, मग दुसऱ्या दिवशी आजोबा येऊन सगळं पुन्हा उघडून बसवून जातात. माझ्या बहिणीकडेही गेले होते." बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं.

कप्तान तशीच भाजीची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. आत ये म्हटलं तर आली, पण बसली नाही.

"आजोबा, किती घरी गेलात?"

"सहज, बघायला."

"किती?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हणालो, "नऊ."

"आणि नऊही उघडलेत?"

"उघडल्याशिवाय दिसत नाही ना."

"बरं. त्यातले गळत किती होते?"

बारक्या, ती रागावली असती तर मीही रागावलो असतो आणि ते तिथंच मिटलं असतं. पण ती शांतपणे विचारत होती. मी म्हणालो, "बरेच."

"बरेच म्हणजे?"

"सहा. सात धर."

तिने मान हलवली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, झालं, आता पोरगी आभार मानेल. ती म्हणाली, "मग मला समितीला सांगावं लागेल."

"कशाला? मी नीट केलेत ना ते. कोणाला कळायचं कारण नाही."

"आम्ही एकवीस घरी सांगितलंय की हे काम आम्ही करतोय आणि ते टिकेल. नऊपैकी सात गळत असतील, तर उरलेल्या बारा घरांचं काय?"

"मी बघून येतो."

"तेच तर," ती म्हणाली, आणि गेली.

त्याच संध्याकाळी तिने सचिवांना सांगितलं. आमचे सचिव म्हणजे चुलीतली राखसुद्धा फाइलला लावून ठेवतील असा माणूस. त्यांनी लगेच कागद काढला. सभा होईपर्यंत मुलांनी कोणाच्याही घरी नळाला हात लावायचा नाही. सभा सहा एप्रिलला आहे. तिथं ठरणार, काम मुलांकडे ठेवायचं की बाहेरचा माणूस लावायचा. खाली तळघरातली खोली क्लबला दिली होती, तीही काढून घेण्याचं बोलणं चाललंय.

कप्तानने प्रमुखपद सोडलं. क्लबमध्ये तसा नियम नाही. ती म्हणाली, "काम माझ्या नावाखाली झालं, मी तपासलं नाही." हत्यारांची पेटी नर्सबाईंकडे नेऊन ठेवली. नऊ घरांतली पाच लांब्याची होती. तो यायचाच बंद झाला. त्याची आई सांगत होती की तो घरातला नळही जपून सोडतो, जसं काही हातात येईल.

मला कोणी काही बोललं नाही. उलट सचिव जिन्यात भेटले तेव्हा हात धरून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून लक्षात आलं." हे ऐकल्यापासून जेवण जात नाही. आई म्हणते पित्त आहे.

तुझ्या मुलीला शाळेत असा काही क्लब आहे का? असला तर जाऊ दे तिला. कोणी मोठा माणूस मध्ये मध्ये करत नाही ना, तेवढं बघ.

तुझे बाबा


ता. ४ एप्रिल

चि. बारक्या,

सभा परवा आहे. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला तिथं जाता येणार नाही, म्हणून तुला लिहितो. हे सभेआधी तुला पोचणार नाही. ते बरंच आहे.

नऊ नळ मी उघडले. त्यातला एकही गळत नव्हता.

खोटं सांगत नाही. एकेक तोटी काढली, आटे पाहिले, वायसर पाहिला, सगळं जिथल्या तिथं. पोस्टमनकडची तिरकी चढवलेली तोटीसुद्धा आतून कोरडी होती. लांब्याने ती दुसऱ्यांदा इतकी नीट बसवली होती की मला काढायला जोर लागला. एक गळला. तो मी उघडल्यावर गळला. वायसर चिमटला गेला माझ्याकडून. मग पिशवीतला नवा घालून आलो आणि त्या घरच्या आजींनी मला चहा पाजला.

नऊपैकी सात हा आकडा कुठून आला, मला माहीत नाही. पोरगी समोर उभी होती, तुझी आई दारात होती, आणि "एकही नाही" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग उघडले कशाला. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काल दुपारी आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालता म्हणाली, "त्या पोरीला सांगितलंत ते खरं आहे का?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"मला सांगू नका," ती म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? मी समितीवर नाही, आणि मी बारक्याही नाही."

मग तिने चादर माझ्याकडे दिली, दोन टोकं धरा म्हणाली. चादरीची घडी होईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे चालत येत होतो आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. तिला सगळं बावीस वर्षं ठाऊक आहे असं मला तेव्हा वाटलं. तिने तुला कधी सांगितलं नसेल. असल्या गोष्टी ज्याच्या त्यानेच सांगायच्या म्हणून ती ठेवून देते.

मी का उघडतो, याचा मी विचार केला. दुसऱ्याने केलेला जोड बघितला की तो गळणारच अशी माझी खात्री असते. उघडून कोरडा दिसला की बरं वाटायला पाहिजे. पण मला तेव्हा फसवल्यासारखं वाटतं. लांब्याच्या पाचव्या नळापाशी तर मी चक्क चिडलो होतो, एकटाच, एका परक्या बाईच्या मोरीत. आता हे कोणाला सांगायचं?

सभेत उभं राहून बोललो तर चारी इमारतींना कळेल की म्हातारा चांगले नळ उघडून बसतो आणि वर पोरांवर ढकलतो. बावीस-पंचवीस घरांच्या किल्ल्या लोकांनी एकेकाळी माझ्याकडे ठेवल्या होत्या, बारक्या. न बोललो तर काही होणार नाही. पोरं दुसरं काही करतील, झाडांना पाणी घालतील. कप्तान हुशार आहे, तिचं काही अडणार नाही. पण लांब्या आयुष्यभर समजेल की त्याच्या हाताला गुण नाही.

तू काय म्हणाला असतास, ते मला माहीत आहे. म्हणून तुला विचारत नाही.

तुझे बाबा


ता. १३ एप्रिल

चि. बारक्या,

सांगितलं. आता सविस्तर लिहितो, कारण हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

सभेला चाळीसएक माणसं होती. मुलं मागे भिंतीला लागून उभी. लांब्या आला नव्हता. सचिवांनी कागद वाचला, नऊपैकी सात वगैरे, आणि माझं नाव घेऊन आभार मानायला लागले. मी उठलो. उठताना खुर्ची पडली, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

मी म्हणालो, "सात नाही. एकही गळत नव्हता. मी खोटं बोललो."

सचिव म्हणाले, "आजोबा, बसा. पोरांना वाचवू नका."

"वाचवत नाही. नऊ उघडले, नऊ कोरडे. एक गळला तो माझ्या हाताने गळला. ज्यांना खात्री करायची त्यांनी तोट्या काढून बघा, म्हणजे आता माझ्यासारखे आणखी चार वेडे होतील."

कोणी तरी हसलं. बहुतेक पोस्टमन. सचिवांनी विचारलं, "मग चांगले नळ तुम्ही उघडलेत कशासाठी?"

हाच तो प्रश्न. मी म्हणालो, "मुलांनी ते माझ्याशिवाय नीट केले, हे मला पटत नव्हतं." खाली बसायला गेलो तर खुर्ची पडलेलीच होती. पोस्टमनच्या बायकोने ती उचलून दिली.

काम मुलांकडे राहिलं. खोलीही राहिली. पण माझं काय करायचं ते समितीने ठरवायचं नव्हतं, मुलांनी ठरवायचं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तळघरात बसून मतं घेतली. मी बाहेर पायरीवर बसलो होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. एक मुलगा म्हणाला, "त्यांना काढा, विषय संपला." कप्तान म्हणाली, "काढू. पण मग तेवढं येणारा दुसरा माणूस कोण ते सांग." सहा मतं ठेवायची, पाच काढायची. बारावं मत लांब्याचं, तो नव्हता.

बाहेर येऊन तिने सांगितलं, "नऊ घरी तुम्ही स्वतः जायचं. नळ कोणी बसवला आणि कसा बसवला होता, ते सांगून यायचं. पिशवी न घेता." ती हसली नाही. मीही गंमत केली नाही. त्यांनी तिला पुन्हा प्रमुख केलंय. तीन दिवसांत नऊ घरं केली. आजींनी पुन्हा चहा दिला, पण या वेळी त्या माझ्याशी जरा जपून बोलत होत्या.

लांब्या मात्र हटून बसला होता. त्याच्या घरी गेलो तर बिछान्यावर पडून होता, पाय पलीकडे खुर्चीवर.

"मला कळलं सभेचं," म्हणाला. "पण मी नाही येणार. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असाल."

मी पुष्कळ सांगितलं. पटेना. आपल्या शब्दाची किंमत एकदा गेली की खरंही उपयोगी पडत नाही, हे मला सत्तरी ओलांडल्यावर सतरा वर्षांच्या मुलासमोर कळलं. शेवटी मी म्हणालो, "शब्द राहू दे. चल, तुला एक काम दाखवतो."

त्याला शाळेत घेऊन गेलो. तिथला शिपाई आता नवा आहे, पण त्याने आत सोडलं. टाकीपासून सुरुवात केली. एकेक जोड त्याला हाताने चाचपायला लावला. चौदा जोड. बावीस वर्षांत रंग चार वेळा दिला असेल, पण कुठं गंजाचा ओघळ नाही, शेवाळ नाही. पोराने सगळ्यांवरून बोटं फिरवली. मग त्याने विचारलं, "हे तुम्ही केलंत?"

बारक्या, या शाळेत मी बावीस वर्षं येतो-जातो. मुख्याध्यापक बदलले, प्रत्येक नवा म्हणाला, "तुमचं काम अजून टिकलंय." मी कधी नाही म्हटलं नाही.

मी लांब्याला म्हणालो, "माझ्या मुलाने केलं. बाविसाव्या वर्षी. एकट्याने."

"आणि तुम्ही स्टुलावर होतात?"

"मी नव्हतोच. मी नंतर आलो. सुट्टीत. हे चौदाही उघडले."

"गळत होते?"

"नाही."

आता हे तुझ्यासाठी लिहितो, आडपडदा न ठेवता. नाही, गळत नव्हते. चौदापैकी एकही नाही. मी पहिला उघडला, कोरडा होता. तिथं थांबायला हवं होतं. मी चौदा उघडले, पुन्हा तसेच बसवले, आणि मुख्याध्यापकांना सांगितलं की मुलाचा हात कच्चा आहे, मी सावरून घेतलंय. त्यांनी ते शिपायाला सांगितलं, आणि शिपायाने तुला. तू घरी येऊन मला विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "गळत होते म्हणून तर उघडले." तू पिशवी भरलीस आणि घर सोडलंस. मी म्हणालो, जाऊ दे, येईल परत. आईला सांगितलं, पोराला बोललेलं सहन होत नाही. त्यातलं काहीही खरं नव्हतं. तुझं काम माझ्या कामापेक्षा चांगलं होतं आणि मला ते पहिल्याच जोडाला कळलं होतं.

क्षमा मागा असं आई म्हणाली नाही. मीच मागतो. तू करावीस असा आग्रह नाही.

आता राहिलं एक. शाळेच्या जिन्याखाली तुझा पाईप तुळईवरून वर चढतो आणि पलीकडे खाली उतरतो. त्या चौदा जोडांखेरीजचं तेवढं एकच वळण मी तेव्हा उघडलं नव्हतं. कारण सांगतो. उघडलं असतं तर मला परत बसवता आलं नसतं. तिथं खरं तर हवा अडकायला पाहिजे, नळातून पाणी थुंकल्यासारखं यायला पाहिजे. मी असतो तर हवेसाठी वर वेगळी नळी काढली असती. तू काढली नाहीस, आणि बावीस वर्षांत ते नळ एकदाही थुंकले नाहीत.

लांब्या त्याच्याखाली गुडघ्यावर बसला, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "आजोबा, हे कसं केलंय?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. करणाऱ्याला विचारावं लागेल."

तो दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये आला. आल्या आल्या त्याने सगळ्यांना त्या वळणाचं सांगितलं. परवा मुलं वह्या घेऊन शाळेत गेली, मापं घेतली, उतार लावून पाहिला, भांडली. कप्तान म्हणते पाईप तुळईवर एका बाजूला किंचित कललाय. लांब्या म्हणतो नाही, युक्ती खालच्या उतारात आहे. मला विचारतात. मी स्टुलावर बसून सांगतो की मला येत नाही. दोन दिवसांत फळ्यावर माझ्या नावाची एकही रेघ नाही.

तू पाना ठेवून दिलास, ते माझ्यामुळे. पुन्हा उचल असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण तेवढं वळण कसं बसवलंस ते मला सांग. फोनवर सांगितलंस तरी चालेल. रविवारी मी गॅलरीत जाणार नाही, तिथंच खुर्चीवर बसेन, आईला सांगून ठेवलंय. लिहून पाठवलंस तर चित्र काढ, मला चित्रावरून लवकर कळतं. मुलं थांबली आहेत आणि मीही थांबलोय, तेव्हा काय ते लवकर कळव.

तुझे बाबा